आईच्या किरणोपचारात हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. तुमच्या ५६ वर्षांच्या आईंच्या डाव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांना १५ दिवसांचे (आठवड्याला पाच, म्हणजे एकूण तीन आठवडे) किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात ते, सुरू होणार आहेत. वसमतजवळ तुमची घरची हळद आहे. वनस्पतींपासून मिळणारे खाद्यरंग, म्हणजे हळदीतले कर्क्युमिन, बीटचा लाल रंग, जांभळाचा जांभळा रंग, हे मानवी पेशींचे किरणांपासून रक्षण करतात असा मजकूर तुमच्या वाचनात आला. एका नातेवाइकांनी कर्क्युमिनच्या कॅप्सूलही आणून दिल्या. चांगल्या पेशी वाचाव्यात म्हणून त्या द्याव्यात का, किती द्याव्यात, जोडीला बीटचा रस द्यावा का, आणि क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ असलेल्या तुमच्या बहिणीलाही त्यांचा उपयोग होईल का, असे तुम्ही विचारले आहे.

घाईचा भाग आधी सांगते. किरणोपचार पूर्ण होईपर्यंत कॅप्सूल देऊ नका. वरणभाजीतली हळद मात्र बंद करू नका; तिने काहीही बिघडत नाही. तुम्ही वाचलेला मजकूर खोटा नाही, पण तो परीक्षानळीतल्या पेशींविषयी आहे आणि तुमचा प्रश्न उपचाराच्या टेबलावर झोपणाऱ्या आईविषयी आहे. रंग रक्षण करतो की नाही, एवढेच पाहून भागत नाही. तो कोणत्या पेशीचे, कोणत्या क्षणी आणि किती प्रमाणात पोहोचून रक्षण करतो, हे पाहावे लागते. मी गेली २२ वर्षे मराठवाड्यात किरणोपचार देते आहे आणि त्याआधी दोन वर्षे प्रयोगशाळेत रक्तपेशींवरील किरणांच्या परिणामांची मोजणी करत होते, त्यामुळे या दोन्ही बाजू मला जवळून माहीत आहेत.

किरण पेशीत शिरल्यावर काय होते, हे समजले की पुढचे सगळे सोपे जाते. पेशीचा बहुतांश भाग पाणी असतो. क्ष-किरण किंवा गॅमा किरण काही वेळा थेट डीएनएवर आघात करतात, पण त्यांनी होणाऱ्या डीएनएच्या नुकसानीपैकी साधारण दोन तृतीयांश नुकसान पाण्याच्या मार्गाने होते. किरणांमुळे पाण्याचे रेणू फुटतात, त्यातून हायड्रॉक्सिल नावाचे अतिशय आक्रमक मूलक (फ्री रॅडिकल) तयार होते आणि ते डीएनएचे धागे तोडते. एक ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा मिळालेल्या एका पेशीत सुमारे १००० ठिकाणी डीएनएचा एक पदर तुटतो आणि ४० च्या आसपास ठिकाणी दोन्ही पदर तुटतात. एक पदर तुटला तर पेशी तो सहज जोडते. दोन्ही पदर तुटले की दुरुस्ती अवघड होते आणि पेशी बहुधा त्यामुळेच मरते. या हायड्रॉक्सिल मूलकाचे आयुष्य नॅनोसेकंदांत मोजतात. जिथे ते जन्मते, तिथून काही नॅनोमीटरच्या आतच ते कशावर तरी आदळून संपते.

आता परीक्षानळीकडे वळू. निरोगी माणसाचे थोडे रक्त घ्यायचे, ते नळ्यांत वाटायचे, काही नळ्यांत रंग घालायचा, काहींत नाही, आणि मग सगळ्यांना ठरलेली मात्रा द्यायची. पुढे रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींना विभाजनासाठी उद्युक्त करायचे, विभाजन शेवटच्या टप्प्यावर थांबवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली मुख्य केंद्रकांच्या शेजारी तुटलेल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची किती छोटी केंद्रके दिसतात ते मोजायचे. या मायक्रोन्यूक्लियस चाचणीचे आज सर्वत्र वापरले जाणारे रूप १९८५ मध्ये पुढे आले. मी तासन् तास त्या काचपट्ट्या मोजल्या आहेत. रंग घातलेल्या नळीत छोटी केंद्रके कमी दिसली की मनाला किती हुरूप येतो, हे मला ठाऊक आहे. तमिळनाडूतील अन्नामलाई विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये मानवी लिम्फोसाइटवर असेच काम प्रसिद्ध केले: कर्क्युमिन आधी घालून मग गॅमा किरण दिले, तर डीएनएचे नुकसान कमी होते. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात क्लोरोफिलिनवर, म्हणजे पानांच्या हिरव्या रंगापासून बनवलेल्या खाद्यरंगावर, अशाच दिशेने अभ्यास झाला आहे. हे संशोधन चांगले आहे आणि ते व्हायलाच हवे.

परंतु त्या प्रयोगातला एक आकडा पाहा. तिथे कर्क्युमिनचे सर्वाधिक प्रमाण मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे सुमारे २७ मायक्रोमोलर (द्रावणात रेणू किती दाट आहेत हे सांगणारे एकक). तैवानमध्ये २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना रोज ८ ग्रॅमपर्यंत कर्क्युमिन तोंडावाटे दिले, तेव्हा रक्तातील त्याची कमाल पातळी सरासरी १.७७ मायक्रोमोलर आली, म्हणजे परीक्षानळीच्या पंधराव्या भागाएवढी, तीही थोड्या तासांपुरती. याचे कारण सरळ आहे. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यांतून फारच थोडे शोषले जाते आणि जे शोषले जाते त्यावर आतड्यांची भिंत आणि यकृत प्रक्रिया करून ते बाहेर टाकण्याच्या तयारीला लागतात. आपली शरीररचना या पिवळ्या रंगाला रक्तात फार काळ ठेवून घेत नाही.

तुम्ही हळद पिकवता, म्हणून हिशेब हळकुंडाच्या भाषेत करून दाखवते. हळद पावडरीत साधारण ३ टक्के कर्क्युमिन धरले, तर एका लहान चमच्यात, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम पावडरीत, ९० मिलिग्रॅम कर्क्युमिन येते. वर सांगितलेले ८ ग्रॅम हळदीतूनच मिळवायचे म्हटले तर दिवसाला पाव किलोहून अधिक पावडर खावी लागेल. व्यापारी हल्ली कर्क्युमिनची टक्केवारी विचारून भाव ठरवतात आणि वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, याचा मला आनंदच आहे; पण टक्केवारी ३ ची ५ झाली तरी हा हिशेब तुमच्या आईंच्या उपयोगाचा होत नाही.

प्रमाणाचा मुद्दा इथेच संपत नाही. पेशीकडे ग्लुटाथायोन नावाचे स्वतःचे संरक्षक द्रव्य असते आणि त्याचे पेशीतील प्रमाण साधारण १ ते १० मिलिमोलर (एक मिलिमोलर म्हणजे हजार मायक्रोमोलर) असते, म्हणजे रक्तात पोहोचणाऱ्या कर्क्युमिनच्या हजारपटीच्या घरात. नॅनोसेकंदांत संपणाऱ्या मूलकाला वाटेत अडवायचे असेल, तर अडवणारा रेणू डीएनएच्या अगदी जवळ आणि दाट संख्येने उभा असावा लागतो. काही मायक्रोमोलर रंगाला ते शक्य नाही. म्हणून परीक्षानळीत दिसणारे रक्षण केवळ मूलके टिपून होत असेल असे मला वाटत नाही. रंगामुळे पेशीची स्वतःची संरक्षक विकरे (एन्झाइम) जागी होतात आणि किरणांनंतर तासन् तास चालणारा दाह कमी होतो, हे स्पष्टीकरण मला अधिक पटते.

आणखी एक बारीक गोष्ट प्रयोगशाळेबाहेर सहसा बोलली जात नाही. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नसल्याने ते बहुधा डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पेशींना दिले जाते, आणि डीएमएसओ स्वतःच हायड्रॉक्सिल मूलक टिपणारे नामांकित रसायन आहे. तुलनेच्या नळीत तेवढाच डीएमएसओ घातला आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय ‘रंगाने रक्षण केले’ या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही.

रंगाचे वागणे दोन्ही बाजूंचे असते, हेही सांगितले पाहिजे. ब्राझीलमधील संशोधकांनी १९९९ मध्ये हॅमस्टरच्या पेशींवर हळद आणि कर्क्युमिन वापरून गॅमा किरण दिले, तेव्हा गुणसूत्रांची मोडतोड कमी होण्याऐवजी वाढली. पेशी कोणती, रंग किती, किरणांच्या किती आधी दिला, माध्यमात लोह किंवा तांबे आहे का, यावर एकच रेणू रक्षकही ठरतो आणि घातकही ठरतो.

आता मुख्य मुद्दा. आईंना किरण देतो ते शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्कपेशी मारण्यासाठी. ते मारण्याचे काम बऱ्याच अंशी याच मूलकांच्या हातून होते. चांगल्या पेशीला वाचवणारा आणि कर्कपेशीला न वाचवणारा पदार्थ हवा असेल, तर दोघींमधला फरक त्याला ओळखता यायला हवा. अमिफोस्टीन हे औषध तसे आहे. अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून ते पुढे आले आणि डोके-मानेच्या किरणोपचारात तोंड कोरडे पडू नये म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते शिरेतून, किरणांच्या १५ ते ३० मिनिटे आधी द्यावे लागते. निरोगी ऊतींमध्ये ते अधिक प्रमाणात सक्रिय होते. आणि तरीही त्याने रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, म्हणून त्याचा वापर मर्यादितच राहिला. इतक्या बारकाईने बांधलेल्या औषधाची ही अवस्था असताना, सकाळी दुधासोबत घेतलेली कॅप्सूल दुपारी बाराच्या किरणांच्या वेळी फक्त चांगल्याच पेशींच्या मदतीला धावेल, अशी आशा धरायला मला आधार दिसत नाही.

माणसांवर झालेल्या चाचण्या काय सांगतात, ते पाहा, कारण त्या तुमच्या आईंच्या आजाराच्याच आहेत. अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या ३० स्त्रियांवर चाचणी केली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांना रोज ६ ग्रॅम कर्क्युमिन दिले, बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली कॅप्सूल. कर्क्युमिन घेणाऱ्या स्त्रियांची त्वचा कमी भाजली. बातमी पसरली ती ही. त्यानंतर त्याच गटाने ६८६ रुग्णांवर मोठी चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, आणि तिच्यात किरणोपचाराच्या शेवटी त्वचेच्या दाहात लक्षणीय फरक दिसला नाही. माझ्याकडे येणाऱ्या कुटुंबांच्या मोबाइलमध्ये ३० जणींची चाचणी नेहमी असते, ६८६ जणांची नसते.

दुसरे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. गाजराचा रंग, बीटा-कॅरोटीन, हाही वनस्पतिजन्य खाद्यरंगच आहे आणि प्रयोगशाळेत तोही उत्तम रक्षक दिसत होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. पुढे कॅनडात डोके-मानेच्या कर्करोगाचे किरणोपचार घेणाऱ्या ५४० रुग्णांना ई जीवनसत्त्व आणि काही काळ बीटा-कॅरोटीन देऊन पाहिले. उपचारातला त्रास कमी झाला खरा, पण त्याच जागी आजार परत येण्याचे प्रमाण या गोळ्या घेणाऱ्यांत अधिक असल्याची शंका घ्यावी असे आकडे आले. त्रास कमी होणे आणि उपचार निष्प्रभ होणे या दोन्ही गोष्टी एकाच दारातून आत येऊ शकतात. गाजर खाऊ नये असा याचा अर्थ नाही. गोळीतला रंग हे गाजर नव्हे, एवढाच अर्थ आहे.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: परीक्षानळीतले रक्षण खरे आहे; तेवढा रंग तोंडावाटे रक्तात पोहोचत नाही; पोहोचलाच तर तो कर्कपेशीला वगळेल याची खात्री नाही; आणि स्तनाच्या किरणोपचारातल्या मोठ्या चाचणीत अपेक्षित फायदा दिसलेला नाही.

बाकीच्या रंगांविषयी थोडक्यात. बीटचा लाल रंग, बेटानिन, आतड्यांतून अल्प प्रमाणातच शोषला जातो. रोज वाटीभर कोशिंबीर खायला हरकत नाही. रसाचे मोठे पेले मात्र नकोत, त्यातही आईंना मधुमेह किंवा मुतखड्याचा त्रास असेल तर नकोतच. बीट खाल्ल्यावर काही जणांची लघवी लाल होते. ओटीपोटाचे किरण चालू असलेल्या एका आजींना रक्त पडतेय म्हणून रात्री साठ किलोमीटरवरून जीप करून आणले होते. घरात रोज बीटचा रस चालू होता, हे सकाळी चौकशीत कळले. जांभूळ आणि अंबाडीच्या लाल बोंडांतले अँथोसायनिन, आपल्या रानात फुलणाऱ्या करडईच्या पाकळ्यांतला कार्थामिन, टोमॅटोतले लायकोपीन यांनाही हेच लागू आहे. अन्न म्हणून सगळे चालेल, अर्क किंवा गोळी म्हणून या तीन आठवड्यांत नको.

कॅप्सूलना माझा विरोध केवळ निरुपयोगामुळे नाही. शोषण वाढावे म्हणून अनेक कॅप्सूलमध्ये मिऱ्यातले पिपेरिन घातलेले असते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपेरिन दिले तर माणसात शोषण २० पट होते. परंतु पिपेरिन यकृताच्या ज्या विकरांना अडवते, त्यांच्यावरच इतर कितीतरी औषधे अवलंबून असतात. आईंच्या गाठीच्या अहवालात संप्रेरक ग्राही (हॉर्मोन रिसेप्टर) पॉझिटिव्ह असतील, तर त्यांना पुढे टॅमॉक्सिफेन ही संप्रेरकांचा परिणाम रोखणारी गोळी दिली जाण्याची शक्यता आहे. नेदरलँड्समधील २०१९ च्या अभ्यासात कर्क्युमिन आणि पिपेरिन घेतल्यावर टॅमॉक्सिफेनच्या सक्रिय घटकाचे रक्तातील प्रमाण घटल्याचे दिसले. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रक्तस्रावाची जोखीम वेगळी. हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी इटली आणि अमेरिकेत झाल्या आहेत. खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनची मान्य दैनिक मर्यादा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला १८० मिलिग्रॅम. तुमच्याकडच्या डबीवर एका कॅप्सूलमध्ये किती लिहिले आहे, ते पाहा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुमच्या उपचारकर्त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या आहेत. केमोथेरपी झाली आहे की व्हायची आहे, यकृताच्या तपासण्या कशा आहेत, टॅमॉक्सिफेन द्यायचे की दुसरे काही, आईंना रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू आहेत का, हे मला इथून दिसत नाही. आईंनी कॅप्सूल आधीच काही दिवस घेतल्या असतील तर घाबरू नका. आजपासून थांबवा आणि पहिल्या भेटीत ती डबी सोबत न्या. ‘डॉक्टर रागावतील’ म्हणून लपवणारे नातेवाईक मी खूप पाहिले आहेत. आमच्यापैकी काही जण रागावतात, हे खरे आहे आणि ते चूक आहे, तरीही सांगा.

आईंच्या चांगल्या पेशींचे खरे रक्षण उपचाराच्या आखणीत होते. सीटी स्कॅनवर हृदय आणि फुप्फुस आखून घेतले जाते, यंत्राच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पात्या किरणांना हवा तसा आकार देतात, आणि डाव्या बाजूला उपचार असेल तर अनेक ठिकाणी खोल श्वास घेऊन रोखायला शिकवतात, कारण छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेपासून दूर सरकते. ही सोय तुमच्या केंद्रात आहे का आणि आईंना ती लागू पडेल का, हे अवश्य विचारा. सोय असेल, तर घरी रोज दहा मिनिटे, एका वेळी वीस सेकंद श्वास रोखण्याचा सराव करून घ्या. कॅप्सूलच्या जागी द्यायला माझ्याकडे हे आहे आणि ते मी मनापासून देते.

तुम्ही विचारले नाही, पण हळदीच्या घरात हे होतेच म्हणून सांगते: किरणांच्या जागेवर हळदीचा लेप लावू नका. त्वचेवर आखलेल्या खुणा तेलाने आणि लेपाने पुसट होतात, खुणा हलल्या की किरणांची जागा हलते, आणि हळदीच्या पिवळ्या डागाखाली त्वचेची खरी लाली दिसत नाही. साध्या पाण्याने हलकेच धुवा, टिपून कोरडे करा, सैल सुती पोलके घालू द्या. त्वचा सोलली किंवा पाणी सुटू लागले तर त्याच दिवशी दाखवा.

बहिणीच्या बाबतीत मात्र प्रश्न अगदी वेगळा आहे. तिला मिळणारी मात्रा आईंच्या मात्रेच्या तुलनेत नगण्य असते आणि तिथे रक्षण अंतर, वेळ आणि शिशाच्या आडोशाने होते. शिशाचा एप्रन, नियंत्रण कक्षाच्या आडून एक्सपोजर देणे, आणि छातीवर लावलेला टीएलडी बॅज (अंगावर पडलेली किरणांची मात्रा नोंदणारा बिल्ला) ठरलेल्या मुदतीत तपासणीला पाठवणे, एवढे तिने काटेकोरपणे पाळावे. तिच्या विभागात बॅज वेळेवर बदलले जात नसतील, तर तिने विभागाच्या किरण-सुरक्षा अधिकाऱ्यांकडे तशी लेखी मागणी करावी आणि त्या पत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी.